वहिवाट

तीस वर्षं मी ग्रेडर चालवला
रेझेक्नेच्या पलीकडे, तळ्यातळ्यांमधून.
डांबर आमच्याकडे पोचलंच नाही.
इथं वर खडी, खडीखाली वाळू, वाळूखाली पाणी;
लाटगालेत कुठंही फावडं मारा,
शेवटी तळंच लागतं.

आता भाचीची लेक येते रीगाहून, इल्झे,
गाडीच्या टपावर जाड टायरांच्या दोन सायकली.
विचारते, डोनात आजोबा, चांगला रस्ता कुठला?
चांगला म्हणजे काय गं?
एप्रिलात चिखल, जूनमध्ये धुरळा.
ऑगस्टच्या शेवटी दोन सरी पडून गेल्या की मात्र
खडी अशी घट्ट बसते,
राईच्या पावाची पाठ जशी.
तेवढेच पंधरा दिवस. तेव्हा ये.

आली. फोनवर निळी रेघ, बासष्ट किलोमीटर, अकरा तळी.
मी बोट ठेवून रेघ वाकवत गेलो:
इथून नको, बीव्हरनं बांध घातलाय, रस्ता पोटरीभर पाण्यात.
इथं लाकूडतोडीचे ट्रक.
इथं कुत्रा. म्हातारा आहे, पण आहे.
मग म्हणाली, तूच चल.

पहिल्याच चढावर वळ्या लागल्या,
पन्हाळी पत्रा आडवा टाकावा तशा.
या वळ्या मी दर दुसऱ्या मंगळवारी पुसायचो
उंच केबिनमधून, रेडिओ लावून.
खाली काय असतात ते
एकाहत्तराव्या वर्षी मनगटांनी सांगितलं.

बर्च संपले, पाइन लागले, मग तेही खुजे होत गेले,
माझ्या वयाचे आणि कमरेएवढे.
दलदलीवर फळ्यांची वाट. सायकल हातात धरून चाललो.
दोन्ही बाजूंना कोऱ्या चहासारखं पाणी,
त्यात ढग, तेही चहाच्याच रंगाचे.
इल्झेनं एक फळी दाबून पाहिली,
कुठंतरी लांब, दुसरंच काही हललं.

वळणावर एकाच पाटीला सात टपालपेट्या.
दोनांना कुलपं.
पाचांत गांधीलमाश्या.

तिथंच ती थांबली. म्हणाली, हा रस्ता तू सांगितला नाहीस.
दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून
नऊशे मीटर, शेवटी काही नाही.
नाही सांगितला खरा.
तो माझ्या यादीत कधी नव्हताच.
तरी दर फेरीला पातं खाली सोडून मी तिकडे वळायचो,
डिझेल दुसऱ्या गावाच्या खात्यावर.
शेवटी वेनेरांदाचं घर होतं.
ती खुंटावर विरजणाचा मडका ठेवायची, वर रुमाल, रुमालावर दगड.
अंगणातून काहीतरी म्हणायची.
इंजिन चालू असायचं.
ती ओठ हलवायची, मी मान.
एवढंच. तीस वर्षं.

ती गेल्यावर पंचायतीतल्या बाई म्हणाल्या,
वहिवाट नाही, नकाशातून काढू.
काढा म्हटलं.

इल्झे तोवर आत शिरलीसुद्धा.
मधल्या पट्ट्यात गवत पेडलला लागत होतं,
पण रस्त्याला मी दिलेला फुगीरपणा तसाच;
कालचं पाणी दोन्हीकडे वाटून गेलेलं.
आपलं काम असं सायकलवरून बघायला
थोडं लाजल्यासारखं होतं.

घर खाली बसलंय. सफरचंदं मात्र लागलीत, आंबट असणार.
आम्ही पाय टेकले.
इंजिन बंद करून या जागी
मी पहिल्यांदाच थांबलो होतो.
लव्हाळ्यात अडकलेली होडी
धक्क्याला टकटक करत होती, थांबून थांबून.
म्हणजे तिला दिवसभर हे ऐकू यायचं.

इल्झे फोन वर धरून म्हणाली, या तुकड्याला नाव काय देऊ?
नाव नको, म्हटलं. नुसती रेघ राहू दे.
माझी चेन उतरली होती.
हात काळे करून चढवली, तळ्यात धुतले,
निघाले नाहीत.